एक लिटर म्हणजे एक लिटर

परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर कुणाचं ना कुणाचं पोट बिघडतंच. २०२५ च्या मे महिन्यात आमच्या मजल्यावर ते एका मैत्रिणीचं बिघडलं. दुपारी बाहेर काहीतरी खाल्लं होतं, रात्री नऊपर्यंत सात-आठ वेळा जुलाब, दोनदा उलटी. मी शहाण्यासारखी खाली गेले आणि मेडिकलमधून संत्र्याच्या चवीचे दोन टेट्रापॅक घेऊन आले. त्यावर ठळक अक्षरांत ‘ओआरएस’ लिहिलं होतं, पुढे आणखी एखादं अक्षर चिकटवलेलं. थंडगार, गोड, छान लागत होतं. तिनं दोन्ही पिऊन टाकले आणि अर्ध्या तासात पुन्हा बाथरूमकडे धावली. आधीपेक्षा जास्त.

साडेअकराला रिक्षा करून तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, काय दिलंत? मी अभिमानानं रिकामा पॅक दाखवला. त्यांनी तो उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, “अगं, हे सरबत आहे. पावडरचं पाकीट आण आणि एक लिटर पाण्यात घाल. एक लिटर म्हणजे एक लिटर, ग्लासात नाही.”

आता गंमत बघा. पावडर आणली, खोलीवर आलो आणि मी ती ग्लासातच ओतली. कारण एक लिटर पाणी ती पिणार कशी, असं मला मनापासून वाटलं. औषध आहे ना, मग घट्ट असलेलं बरं! समोरच्या खोलीतल्या बीएस्सी केमिस्ट्रीवालीनं तो ग्लास माझ्या हातातून अक्षरशः काढून घेतला. “तिला समुद्राचं पाणी पाजतेयस का?” असं ती म्हणाली. मला तो टोमणा वाटला. तो हिशोब होता, हे मला नंतर कळलं.

मी दहावीनंतर सायन्स सोडलेली. आता मास कॉम करते, ‘कंटेंट’ लिहिते. आमच्यातल्या बहुतेकांचं केमिस्ट्रीशी नातं आवर्त सारणी आणि समीकरणं संतुलित करणं एवढंच राहिलं, आणि ज्यांनी सायन्स घेतलं त्यांचं नीट-सीईटीच्या मार्कांपुरतं. बायोलॉजी एका वहीत, केमिस्ट्री दुसऱ्या वहीत. दोन्ही वह्यांमधला विषय एकच आहे आणि तो आपल्या पोटात चालू असतो, हे कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असेल तर आपण मागच्या बाकावर होतो.

त्या रात्री मैत्रीण घोट घोट पीत होती आणि केमिस्ट्रीवाली आम्हाला कागदावर समजावत होती. आठवी-नववीच्या विज्ञानातला परासरण हा शब्द आठवतो का? नसेल आठवत तर काकडीची कोशिंबीर आठवा. चिरलेल्या काकडीला मीठ लावून पाच मिनिटं ठेवलं की वाडग्यात पाणी सुटतं. लोणच्याच्या कैरीचंही तसंच. पेशीच्या पटलातून पाणी सहज ये-जा करतं, मीठ तसं जाऊ शकत नाही. मग पाणी जिथे विरघळलेले कण जास्त आहेत तिकडे जातं. काकडीच्या आतून बाहेर मिठाकडे.

आपलं आतडंही या बाबतीत काकडीपेक्षा फार वेगळं नाही. आतड्यात रक्तापेक्षा दाट, खूप गोड काहीतरी ओतलं तर शरीरातलं पाणी आतड्यात येतं. जुलाब वाढतात. थोडं पातळ आणि योग्य प्रमाणातलं काही दिलं तर पाणी उलट आत, रक्ताकडे जातं. माझ्या संत्र्याच्या टेट्रापॅकनं नेमकं पहिलं काम केलं होतं.

पण यात एक खोच आहे, आणि मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच. परासरण ग्रॅम मोजत नाही, कण मोजतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात एक लिटर पाण्यासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम साधं मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. एकूण २०.५ ग्रॅम. बघताना वाटतं की यात साखरच साखर आहे, मीठ नावाला. आता नववीत ज्यानं घाम फोडला तो ‘मोल’ आठवा. ग्लुकोजचा एक मोल १८० ग्रॅमचा, मिठाचा ५८.५ ग्रॅमचा. म्हणजे १३.५ ग्रॅम ग्लुकोज झालं ७५ मिलिमोल आणि २.६ ग्रॅम मीठ साधारण ४४. शिवाय ग्लुकोजचा रेणू पाण्यात अख्खाच राहतो, मीठ मात्र फुटतं. सोडियम वेगळा, क्लोराईड वेगळा, दोघेही विद्युतभार घेऊन फिरणारे आयन. ४४ चे झाले ८८. म्हणजे दिसायला पाचपट कमी असलेलं मीठ कणांच्या मोजणीत साखरेच्या पुढे जातं. ‘जरा चवीपुरतं जास्त’ घातलेलं चिमूटभर मीठ सगळा हिशोब का बिघडवतं, ते इथे कळतं.

सगळे कण मिळवले की आकडा येतो २४५. आपल्या रक्तद्रवाचा तोच आकडा साधारण २८० ते २९० च्या घरात. ओआरएस रक्तापेक्षा किंचित पातळ ठेवलंय ते मुद्दाम. त्याआधीचं सूत्र ३११ चं होतं, म्हणजे रक्तापेक्षा थोडं दाट. त्यानंही असंख्य जीव वाचले. पण चाचण्यांमध्ये दिसलं की पातळ केल्यावर जुलाब आणि उलट्या कमी होतात, सलाईनची गरजही कमी पडते, म्हणून ते बदललं. आणि एक लिटरचं पाकीट मी पाव लिटरच्या ग्लासात घातलं होतं. २४५ गुणिले चार करा. आकडा हजाराच्या जवळ जातो, आणि समुद्राच्या पाण्याचा आकडाही त्याच्याच आसपास आहे. केमिस्ट्रीवालीचा टोमणा हा असा हिशोबी होता. मोठ्या माणसाला त्यानं जुलाब आणि तहान वाढेल. लहान बाळाला दिलं तर रक्तातलं सोडियम वाढून झटके येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते.

पुढचा प्रश्न मी विचारला, आणि तुम्हीही विचाराल. पाणी कमी झालंय तर नुसतं पाणी प्यावं की! किंवा मिठाचं पाणी. साखर कशाला मध्ये? डाएट करणाऱ्यांना तर हा प्रश्न पडतोच.

याचं उत्तर लहान आतड्याच्या अस्तरातल्या एका दारात आहे. सोडियमला विद्युतभार असतो आणि पेशीचं पटल तेलकट, त्यामुळे त्याला थेट घुसता येत नाही. जुलाबाच्या आजारात त्याचे नेहमीचे काही रस्ते बंद पडतात. पण एक दार चालू राहतं. ते दार सोडियम एकट्याला घेत नाही आणि ग्लुकोजलाही एकट्याला घेत नाही, दोघांना जोडीनं आत घेतं. एका ग्लुकोजमागे दोन सोडियम. आत गेलेल्या या कणांच्या मागोमाग पाणी जातं. साखर इथे चवीसाठी किंवा ‘एनर्जी’साठी नाही, ती सोडियमला आत नेणारी सोबतीण आहे. शुगर-फ्री गोडव्यानं हे दार उघडत नाही. मिठाशिवाय साखर घातली तर पाणी उलटं फिरतं आणि साखरेशिवाय मीठ घातलं तर ते बाहेरच ताटकळतं.

हे दार कुणी सुचवलं? रॉबर्ट क्रेन नावाच्या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञानं, १९६० मध्ये, प्रागमधल्या एका परिषदेत. त्यांना जुलाबावर औषध शोधायचं नव्हतं; आतडं साखर कशी शोषतं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याआधी एक वर्ष, १९५९ मध्ये, कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं होतं की कॉलराचा जिवाणू आतडं कुरतडत नाही, तो एक विष सोडतो. त्या विषानं पेशींमधून क्लोराईड सतत बाहेर पडत राहतो, त्यामागे सोडियम आणि त्यामागे पाणी. माणूस काही तासांत सुकून जातो. पण सोडियम-ग्लुकोजचं दार त्या विषानं बंद होत नाही. एकीकडे नळ फुटलेला, दुसरीकडे पाणी आत घ्यायचं दार शाबूत! १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रुग्णांना तोंडावाटे हे द्रावण देऊन दाखवलं की सलाईनची गरज खूप कमी होते.

आणि मग १९७१. बांगलादेश मुक्तियुद्धाचे निर्वासित लाखोंनी पश्चिम बंगालमध्ये आलेले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरलेला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या आणि त्या लावायला हातही पुरत नव्हते. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचं मिश्रण तोलून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून घेतलं, पिशव्या गरम इस्त्रीनं बंद केल्या. छावणीत पिंपात द्रावण तयार करायचं आणि नातेवाइकांनी कपानं पाजत राहायचं, अशी व्यवस्था. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते या उपचारानं ४ टक्क्यांच्या खाली आलं. सुई नाही, नर्स नाही, दाखल करणं नाही. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’नं सोडियम-ग्लुकोजच्या जोडवाहतुकीचा शोध हा कदाचित शतकातला सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, अशा अर्थाचं संपादकीय लिहिलं. महालनोबिस २०२२ मध्ये गेले, त्यांना पद्मविभूषण मिळालं ते मरणोत्तर, २०२३ मध्ये. आमच्या वर्गात विचारलं तर त्यांचं नाव एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, तेव्हा बोट दुसऱ्याकडे दाखवत नाही.

ज्या सूत्रातला एकेक ग्रॅम इतक्या कष्टानं ठरला, त्याच्या तीन अक्षरांचं पुढे काय झालं ते बघा. फळांच्या रसासारख्या गोड पेयांवर ती अक्षरं नावाचा भाग म्हणून छापली जाऊ लागली. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, यांनी मध्यंतरी ‘हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस नाही’ अशी सूचना छापण्याच्या अटीवर ती चालवूनही घेतली. समोर मोठ्या अक्षरात ‘ओआरएस’ आणि मागे बारीक अक्षरात ‘हे ओआरएस नाही’. याला काय म्हणावं? हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी हा विषय काही वर्षं लावून धरला, आणि अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणानं ती परवानगी मागे घेतली. सूत्रात न बसणाऱ्या पेयाच्या नावात आता ही अक्षरं वापरता येत नाहीत. आमच्या मैत्रिणीसाठी हा निर्णय पाच महिने उशिरा आला, पण आला.

निर्णयाचं स्वागतच आहे. तरी एवढ्यावर भागेल असं मला वाटत नाही. नाव बदललं तरी टेट्रापॅक त्याच फळीवर, मेडिकलच्या काउंटरवरच आहे आणि आता त्यावर ‘इलेक्ट्रोलाइट’ असा शब्द असू शकतो. तो शब्द खोटा नाही, हीच अडचण आहे. इलेक्ट्रोलाइट म्हणजे पाण्यात आयन होऊन वीज वाहून नेणारा पदार्थ. आमटीतही इलेक्ट्रोलाइट असतात. प्रश्न असतो किती, आणि साखरेच्या तुलनेत किती. ओआरएसमध्ये १०० मिलिलिटरमागे १.३५ ग्रॅम ग्लुकोज असतं. नेहमीच्या कोल्ड्रिंकमध्ये तेवढ्याच पेयात साधारण १० ते ११ ग्रॅम साखर. जवळपास आठपट! पॅक उलटा करून एवढा एक आकडा वाचला तर पुरे, बाकी जाहिरात वाचायची गरज नाही.

हाच उद्योग ‘अल्कलाइन वॉटर’चा. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये ठेवायला शरीरात बायकार्बोनेटची व्यवस्था आहे, फुप्फुसं आणि किडनी चोवीस तास त्याच ड्युटीवर आहेत, आणि ते महागडं पाणी सगळ्यात आधी पोटातल्या आम्लात पडतं. विषय संपला.

कुणी म्हणेल, सामान्य माणसाला मोल आणि आयन कशाला? पाकीट द्या, एक लिटरमध्ये घाला म्हणा, झालं. मीही असं म्हटलं असतं. पण मला डॉक्टरांनी अगदी स्पष्ट सांगितलं होतं आणि तरी मी ग्लासात ओतलं. का? कारण सूचना पाठ होती, कारण माहीत नव्हतं. ज्या गोष्टीचं कारण माहीत नसतं तिच्यात आपण आपली अक्कल मिसळतो. घट्ट म्हणजे जास्त ताकद, हा आपला दुधा-चहाचा अनुभव. त्याच्या वरचढ व्हायला काकडीचं उदाहरण लागतं, नुसता ‘काटेकोर पालन करा’ असा फलक पुरत नाही.

उलट चूकही होते, आणि ती आपल्या वयात जास्त. उन्हात ट्रेक, हाफ मॅरेथॉन, किंवा पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटरचा रोजचा सराव करणारी मुलं. घामातून मीठ गेलेलं असतं आणि वर लिटरच्या लिटर नुसतं पाणी ढोसलं जातं. मग रक्तातलं सोडियम पातळ होतं, पाणी पेशींमध्ये शिरतं आणि मेंदूच्या पेशी फुगल्या तर कवटीत जागा नसते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी सापडलं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, आणि आपण त्याला ‘ऊन लागलं’ म्हणून आणखी पाणी पाजतो.

घरातल्या गोष्टींकडे मी आता वेगळ्या नजरेनं बघते. कोकणातली आजी पोट बिघडलं की मीठ घालून भाताची पेज देते. तांदळाचा स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांबलचक साखळी. एवढा मोठा रेणू कणांच्या मोजणीत एकच भरतो, म्हणून पेज आतड्यात पाणी खेचत नाही आणि आतड्याच्या भिंतीपाशी सावकाश ग्लुकोज सोडत राहते. पेज आणि मीठ हे त्या दाराचं उत्तम जोडपं. तांदळावर आधारलेलं ओआरएस पुढे संशोधकांनीही तपासलं आणि वापरलं. शहाळं मात्र, सगळ्यांच्या लाडक्या समजुतीच्या विरुद्ध, ओआरएस नाही. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडं. प्यायला हरकत नाही, पण जुलाबात भिस्त त्यावर नको. लिंबू सरबतात आपण साखर हात सैल सोडून घालतो, ते कोल्ड्रिंकच्याच रांगेत जातं.

पाकीट मिळालंच नाही तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. सपाट म्हणजे वरून बोटानं पुसलेला. साखरेचं पचन होताना निम्मं ग्लुकोजच मिळतं, म्हणून पाकिटापेक्षा साखर जास्त लागते. घोट घोट प्यायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. तयार द्रावण चोवीस तासांनी फेकून द्यायचं. आणि रक्त पडत असेल, लघवी बराच वेळ झालीच नसेल, माणूस सुस्त किंवा असंबद्ध वाटत असेल, पोटात काहीच टिकत नसेल, तर चमचे मोजत बसू नका, दवाखाना गाठा.

आता मागणी. कॉलेज, हॉस्टेल आणि अभ्यासिकेच्या प्रथमोपचार पेटीत खऱ्या ओआरएसची पाकिटं हवीत. ती महाग नसतात. आमच्या पेटीत उघडून बघितलं तर एक कात्री, वाळलेली आयोडीनची बाटली आणि कुणाचा तरी चार्जर होता. मोठं पाकीट एक लिटरचं आणि चार-साडेचार ग्रॅमचं छोटं २०० मिलिलिटरचं, हा फरक पेटीच्या झाकणावर लिहिलेला हवा. फर्स्ट इयरच्या ओरिएंटेशनमध्ये तासभर भाषणं चालतात. त्यातली दहा मिनिटं केमिस्ट्रीच्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना द्या, एक काकडी, एक मिठाची पुडी आणि एक बाटली घेऊन. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स सगळ्यांसमोर.

आमच्या मैत्रिणीनं पहाटे चारपर्यंत पाऊण लिटर संपवलं. सहाला तिला लघवीला झाली, तेव्हा आम्ही तिघी टाळ्या वाजवल्या. दहाला तिनं पेपर दिला. ती बाटली अजून आमच्या मजल्यावर आहे, एक लिटरच्या खुणेपाशी काळ्या मार्करनं रेघ ओढलेली. पाणी भरायला ती कुणालाही देत नाही आम्ही.